ढोली रिकामी ठेवू नये

मी पहिल्यांदा ढोलीत शिरले तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि बाहेर आमचे मुख्याध्यापक हाताची घडी घालून आपला नंबर यायची वाट बघत उभे होते. हे वाक्य भाचीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मावशी, आधी ढोली म्हणजे काय ते सांग, नाहीतर लोकांना वाटेल तू झाडाच्या ढोलीत जाऊन बसलीस." खरं आहे तिचं. आमच्या झाडीपट्टीत धान साठवायला बांबूच्या कामट्यांची मोठी कणगी विणतात. माणसाच्या उंचीची, पोट सुटलेली, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेली. ती ढोली. एका ढोलीत एका घराचं वर्षभराचं खाणं मावतं. आमच्या शाळेतल्या ढोलीत मात्र आधी एक सहा वर्षांची पोरगी मावायची, मग हळूहळू सगळं गाव मावायला लागलं आणि शेवटी ती पोरगीच मावेना. गोष्ट एवढीच आहे, पण एवढ्यात संपवली तर मी मास्तरीण कसली!

आम्ही राहायचो फुलचूरला. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. काही विचारलं की आधी दोन मिनिटं गप्प बसायचे आणि मग एकच वाक्य बोलायचे, तेही बहुतेक चहाबद्दल. त्यांच्या वाटचं सगळं आई बोलायची. तिचा आवाज असा की शेजारची बंगाली काकू आपल्या घरातून उत्तर द्यायची. सकाळी मी स्कूटी काढायच्या आधी आई माझ्यापुढं ताट आदळायची: आदल्या दिवशीच्या भाताला फोडणी, त्यात सुके झिंगे आणि वरून बचकभर सांबार. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याकडच्या वाचकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर तो इडली शोधत बसायचा.) मी नवीन नोकरीच्या उत्साहात मुलांच्या मनाबद्दल काहीतरी बोलायला लागले की आई झारा हलवत म्हणायची, "शालू, कोनतंबी लेकरू रडलं त तीनच कारनं असतेत. भूक, झोप, नाईतर चड्डी ओली. चौथं कारन साहेब लोकायनं काढलं." बाबा दोन मिनिटं विचार करून म्हणायचे, "चहा ठेव." मी चिडून निघायची. आज एवढी वर्षं शिकवून झाल्यावर सांगते, आई नव्वद टक्के बरोबर होती. उरलेल्या दहा टक्क्यांत माझी सगळी नोकरी गेली.

शाळा बिरसीच्या अलीकडच्या एका गावात. दोन खोल्या, एक व्हरांडा, समोर धानाच्या बांध्या, बांध घातलेली शेतं, आणि त्यांच्या टोकाला बोडी, म्हणजे गावचं लहानसं तळं. मुख्याध्यापक टेंभरे सर तिसरी-चौथी बघायचे, माझ्याकडं पहिली-दुसरीची एकोणीस पोरं. एक पोरगी भिंतीवरची जाहिरातसुद्धा घडाघडा वाचायची, तर तिच्या शेजारचा पोरगा अजून पुस्तक उलटं धरायचा. युवराज नावाचा एक होता, तो चावायचा. रागानं नाही हो, आवडीनं! ज्याच्यावर जीव जडला त्याला चावायचा, आणि वर्गात तो सगळ्यात प्रेमळ मुलगा होता. अशा पोरांना कसं सांभाळायचं याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण मला मिळालं होतं. अतिशय हळू आवाजात बोलणारे एक गृहस्थ आले होते. त्यांनी आम्हा चाळीस शिक्षकांना झाड व्हायला सांगितलं. आम्ही हात वर करून झाडं झालो. टेंभरे सर सगळ्यात मागं उभे होते. ते बराच वेळ झाडच राहिले, कारण त्यांना उभ्या उभ्या डुलकी लागली होती. मी मात्र प्रत्येक शब्द लिहून घेतला. मुलाच्या भावनेला नाव द्या. प्रत्येक मूल आपल्या गतीनं चालतं. वर्गात एक शांत कोपरा असू द्या. मला वाटलं, आता जग बदलायला माझी स्कूटी तेवढी सुरू व्हायची राहिली आहे.

पहिल्याच दिवशी मी भावनांचा तक्ता लावला. सात गोल चेहरे: आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला आणि आणखी तीन. मूळ कागद एकच, म्हणून चौकातून झेरॉक्स काढून आणली. त्या मशीनची शाई पसरली आणि सातही चेहऱ्यांना एकसारख्या मिशा आल्या. पोरं तक्त्यापुढं जमली आणि एका सुरात ओरडली, "टेंभरे सर!" झालं! "टेंभरे सर हासून राह्यले," "टेंभरे सर रडून राह्यले," असं सात वेळा झालं. दुपारी खिचडीच्या पंगतीत युवराजनं सरांना विचारलं, "सर, तुमी आज कोनते हा?" सरांनी तक्त्यापुढं उभं राहून बराच वेळ निरखलं आणि गंभीरपणे पाचव्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. पाचवा चेहरा म्हणजे 'गोंधळलेला'. त्या माणसात एक प्रामाणिकपणा होता, तो मला तेव्हा कळला नाही.

आता आचल. सहा वर्षांची, दोन वेण्या, एका वेणीची रिबन नेहमी तोंडात. आचलला विमानाची भीती वाटायची. दुसऱ्या एखाद्या गावात असती तर ही भीती घेऊन ती सुखानं म्हातारी झाली असती. पण शाळेच्या गावावरून बिरसीच्या धावपट्टीवर विमान शिकणाऱ्यांची लहान लहान विमानं दिवसभर घिरट्या घालायची. एक गेलं की दुसरं. गावाला त्याचं काही नव्हतं, बाया रोवणी करता करता मान वर न करता सांगायच्या, "हे नवीन पोट्टं दिसते, डगमगून राह्यलं." आचल मात्र तो घरघर आवाज आला की कानांवर हात दाबायची, डोळे मिटायची आणि पळायची. डोळे मिटून! दारातून, व्हरांड्यातून, सरळ बांधीत. श्रावणात एकदा अशीच पळत बोडीच्या काठापर्यंत गेली आणि म्हशी धुणाऱ्या एका माणसानं तिला वेणीला धरून थांबवलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. दिलीपभाऊ, उंच, वाकलेले, आवाज इतका हळू की आपल्याला पुढं सरकावं लागायचं. म्हणाले, "बाई, मले एकच पोरगी हाये. नागपूरले निवासी शाळा हाये म्हनतेत अशा लेकरायची. कापनीपर्यंत पायतो. तवरिक ती वर्गात बसाले लागली त ठीक, नाईतर नेऊन टाकतो. बोडीत गेल्यापेक्षा नागपूरले गेली बरी." त्यांची बायको दारात पाठमोरी उभी होती. ती आचलची रिबन तोंडातून काढून पुन्हा पुन्हा बांधत राहिली. मला रडू आलं. ते मी गिळलं, कारण प्रशिक्षणात शिक्षकाच्या रडण्याला जागा ठेवलेली नव्हती.

मी वहीतला एकेक उपाय काढला. पूर्वसूचना दिल्यानं मुलाची भीती कमी होते, असं लिहिलेलं होतं. मी एका पोराला दारात 'विमानमंत्री' म्हणून बसवलं. विमान दिसलं की त्यानं हळूच सांगायचं. त्यानं पहिल्या दिवशी बगळे, घारी आणि एक पतंग धरून चौतीस विमानं जाहीर केली, तीही "आलंऽऽ" अशी किंकाळी फोडून. आचल चौतीस वेळा पळाली. मग दीर्घ श्वास: फूल हुंगा, दिवा विझवा. एकोणीस पोरांनी असा दिवा विझवला की पहिल्या रांगेतल्यांना तोंडं धुवावी लागली. मग कापसाचे बोळे. ते युवराजनं खाल्ले. टेंभरे सर खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, "म्याडम, चालू द्या, चालू द्या," आणि आपल्या खोलीत जाऊन मोबाईलवर कुठलीतरी माहिती कुठल्यातरी रकान्यात भरत बसायचे. ती माहिती कधीच जायची नाही. मध्येच गोल चक्र फिरत राहायचं आणि सर त्या चक्राकडं बघत राहायचे.

मदतीला आल्या त्या अनुसयाबाई, आमच्या खिचडी शिजवणाऱ्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, बोलणं रोखठोक. एक दिवस पातेल्यात सराटा फिरवताना म्हणाल्या, "बाई, भिंतीले तोंडं कायले लावता जी? पोट्ट्यायले इचारा ना, भात कुठवर आला." मला कळेना. त्यांनी समजावलं. नुसता तांदूळ म्हणजे काहीच नाही, बरं आहे. आधण आलं म्हणजे आतून खदखदून राहिलं. उतू चाललं म्हणजे आता कुणीतरी झाकण काढा. आणि करपलं म्हणजे करपलं, मग बोलायचं नाही, खाली उतरवायचं. मी मिशांचा तक्ता काढला आणि चार पातेली काढून लावली. अहो, काय सांगू! आठवड्यात पोरं सकाळी दप्तर टाकायच्या आधी सांगायची, "म्याडम, माहं आज आधन आलं, बापानं मारलं." "म्याडम, मी नुसता तांदूळ." आणि आचल, जी शाळेत कुणाशी बोलतच नव्हती, तिनं एका विमानानंतर व्हरांड्याच्या खांबाला मिठी मारून, माझ्याकडं न बघता म्हटलं, "करपलं." एक शब्द. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, "मंग? खाली उतरव ना तिले."

खाली उतरवायचं म्हणजे शांत कोपरा. पुस्तकात रंगीत तंबूचं चित्र होतं. आमच्याकडं तंबू कुठला! अनुसयाबाई म्हणाल्या, माझ्या गोठ्यात जुनी ढोली पडली आहे, आता धान पोत्यातच जाते, तीत कोंबड्या बसतात. रविवारी आम्ही ती बंडीवर घालून आणली. रस्त्यात लोक विचारायचे, कुणाच्या घरी चालली, कापणी तर अजून लांब आहे, आणि अनुसयाबाई सांगायच्या, "शारेच्या." लोक मान डोलावायचे. शाळेला ढोली कशाला, असं एकानंही विचारलं नाही. ढोली कुणालाही लागू शकते, असं त्यांना वाटलं असावं. वर्गाच्या कोपऱ्यात उभी केली, खाली आरीनं लहान दार कापलं, आत गोधडी टाकली. आणि मी हात झाडून मागं वळते तर अनुसयाबाईंनी पदरातून मूठभर धान काढून आत टाकलं. म्हणाल्या, "ढोली रिकामी ठेवत नसतेत बाई." मी बुद्धवंदनेच्या घरातली, शकुन-अपशकुन मला ठाऊक नव्हते. म्हटलं, मूठभर धानानं काय होतं! टाकू द्या.

सोमवारी पहिलं विमान आलं तेव्हा मी आचलचा हात धरून तिला दारापर्यंत नेलं. ती आत गेली आणि ढोली गप्प झाली. शेणामातीच्या त्या जाड भिंतीत बाहेरचा आवाज बोथट होतो; मी नंतर स्वतः शिरून पाहिलं, धानाचा आणि जुन्या कोंबड्यांचा वास येतो आणि आपलाच श्वास ऐकू येतो. मी बाहेर उकिडवी बसून राहिले. एकोणीसपैकी अठरा पोरं माझ्याभोवती श्वास रोखून. विमान गेलं. बऱ्याच वेळानं आतून तोंडावर गोधडीचे धागे घेऊन आचल बाहेर आली आणि म्हणाली, "आतमंदी इमान लहान होते." मी तिला उचलून घेतलं, युवराजनं आनंदानं मला चावलं. भाद्रपद सरेपर्यंत ती ढोलीत शिरायची, बाहेर यायची, राहिलेली ओळ पुरी करायची. एकदाही बांधीकडं पळाली नाही. दिलीपभाऊ रोज सुट्टीच्या वेळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून लांबून मोजायचे, किती विमानं गेली आणि पोरगी बाहेर आली का. जवळ कधी यायचे नाहीत.

इथंच थांबले असते तर मी शहाणी ठरले असते. पण पोरांनी घरी जाऊन सांगितलं. आधी वर्गातलेच सगळे करपायला लागले, विशेषतः वजाबाकीच्या तासाला. मी रांग लावली. मग एक दिवस टेंभरे सर वर्गात आले, पातेल्यांच्या तक्त्यापुढं उभे राहिले आणि चौथ्या पातेल्यावर बोट ठेवून म्हणाले, "म्याडम, तिसऱ्यांदा माहिती परत आली. पाच मिनिटं बसू का?" शरीर भारदस्त, आत जायला वेळ लागला. पण बाहेर आले ते वेगळेच. त्यांनी त्या दिवशी पोरांना स्वतः खिचडी वाढली. मग अनुसयाबाई बसल्या. त्याच आठवड्यात मीही शिरले, सर बाहेर घड्याळ बघत असताना. मग निंदणाहून परतणाऱ्या बाया खिडकीतून विचारायला लागल्या, "बाई, रिकामी हाये का? जरासक बसतो." एकीचं सुनेशी तीन वर्षांचं भांडण होतं. ती बसून उठली आणि सरळ घरी जाऊन सुनेला म्हणाली, चहा ठेव. आता चहा तिला तसाही हवाच असणार. पण गावानं कौल मानला. कुणीतरी ढोलीला कुंकू लावलं. मी पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं. मी रोज पुसायची, रोज ते यायचं, कोण लावतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मला संशय टेंभरे सरांचा आहे.

आणि प्रत्येकजण जाताना मूठभर धान टाकायचा. रिकामी ठेवत नसतेत ना! घोट्याएवढं झालं, मग गुडघ्याएवढं; दारातून सांडू नये म्हणून बायांनी खाली आडवी फळी ठोकली. मी एकदा सूप घेऊन उपसायला गेले तर चार बाया धावून आल्या: टाकलेलं धान काढू नका बाई, ज्याचं काढाल त्याच्या घरची बरकत जाईल. कुणाचं कुठलं ते कसं कळणार? म्हणून कुणाचंच काढता येईना. आणि खरं सांगू का, मला काढायची घाईही नव्हती. मी ढोलीचे फोटो वरच्या साहेबांच्या मोबाईलवरच्या गटावर टाकत होते. अंगठ्यावर अंगठे येत होते. "स्तुत्य उपक्रम", "प्रेरणादायी". माझं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. एका दुपारी आचल माझा पदर ओढत म्हणाली, "म्याडम, माहे पाय बाहेर राहून राह्यले." मी बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "हो हो बेटा, उद्या बघू, आधी सरक, फोटोत तुझी सावली येते." किती वर्षं झाली, किती पोरं हाताखालून गेली. माझ्या तोंडून गेलेलं सगळ्यात वाईट वाक्य तेच.

कापणी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात निरोप आला: तालुक्याहून मोठे साहेब ढोली बघायला येणार. शाळा सारवली, पताका लावल्या. बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. सकाळी दिलीपभाऊही आले, पहिल्यांदाच आवारात. खिशात निवासी शाळेचा घडी घातलेला अर्ज होता. म्हणाले, "बाई, कापनी लागली. आज पायतो, मंग ठरवतो. आमची बायको दोन दिवस जेवली नाई." मी म्हटलं, "भाऊ, आज साहेबांसमोरच बघा की!" केवढी गुर्मी होती माझी!

साहेबांची गाडी आवारात वळली आणि टेंभरे सर दिसेनात. साहेब उतरले, हार झाला, नारळ झाला. मी त्यांना वर्गात आणलं आणि समजावायला सुरुवात केली, "सर, मूल अस्वस्थ झालं की ते स्वतःहून या शांत कोपऱ्यात..." तेवढ्यात विमान आलं. नेहमीपेक्षा खालून, खिडक्यांची तावदानं थरथरवत. आचलनं कानांवर हात दाबले आणि ढोलीकडं धावली. दारात वाकली. आत कमरेएवढं धान होतं आणि धानात कमरेपर्यंत रुतलेले टेंभरे सर. साहेब येणार या धास्तीनं ते तासाभरापासून आत जाऊन बसले होते. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. सर आतून कळवळून म्हणाले, "आचल, मी निघतो, मी निघतो बाळा," आणि निघायला म्हणून त्यांनी असं अंग झोकलं की ढोली डुलली, कलली आणि आडवी झाली. व्हरांड्याकडं उतार होता. ढोली सरांना घेऊन दारातून बाहेर निघाली, चौकटीला एक धक्का, पायऱ्यांवरून तीन धक्के, आणि गावभरच्या बरकतीची धार सांडत आवारात गेली. मागून कोंबड्या. साहेबांनी हारासकट विचारलं, "हा... हा उपक्रमाचाच भाग आहे का?" अनुसयाबाईंनी पदर सावरत सांगितलं, "हव जी. सर उतू गेले."

मी हसले नाही. मी आचलला शोधत होते आणि ती वर्गात नव्हती. खिडकीतून दिसलं, बांधीच्या धुऱ्यावरून दोन वेण्या पळत होत्या, बोडीच्या दिशेनं.

मी कशी धावले मला माहीत नाही. साडी खोचली होती की नव्हती, कापलेल्या धानाची धसकटं पायांत घुसत होती, मागून कुणीतरी ओरडत होतं. बोडीला कापणीपर्यंत पाणी असतंच. आचल काठाच्या गाळात पोचली होती, डोळे मिटलेले, हात कानांवर, आणि पाय चालतच होते. मी मागून झडप घातली आणि आम्ही दोघी गाळात बसलो. पाणी चार हातांवर होतं. आता मी तिला समजावायला हवं होतं. वहीत यासाठी एक अख्खं पान होतं: आवाज सौम्य ठेवा, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर या, भावनेला नाव द्या. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "आचल, तुझी जागा मी लोकांना वाटून टाकली गं." आणि मला रडू फुटलं. मी रडले की वाईट रडते. हुंदका, शेंबूड, सगळं. आई म्हणायची, शालू रडली की शेजारी बिनबोलावता येतात.

तेवढ्यात दुसरं विमान. बिरसीकडून वळून सरळ आमच्यावर. मी तिला छातीशी आवळलं, म्हटलं, आता ही निसटणार. तिनं कानांवरचे हात काढले. माझ्या तोंडाकडं बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि ते गाळानं माखलेले दोन्ही तळहात माझ्या कानांवर ठेवले. दाबून, जोर लावून, ओठ घट्ट मिटून. विमान डोक्यावरून गेलं. आचलनं मान वर केली आणि ते पार जाईपर्यंत बघत राहिली. तिचे स्वतःचे कान उघडे होते.

धुऱ्यावर दिलीपभाऊ उभे होते. कधी येऊन पोचले होते कुणास ठाऊक. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, हातात तो घडीचा कागद. त्यांचे ओठ हलले, पण मला काही ऐकू आलं नाही, कारण आचल हात काढायलाच तयार नव्हती. मी मानेनं विचारलं, काय? ते पुन्हा बोलले. मी पुन्हा मान हलवली. तेव्हा तो जन्मात आवाज न चढवलेला माणूस छाती भरून असा ओरडला की पलीकडच्या बांधीतल्या बाया विळे थांबवून उभ्या राहिल्या.

"नाई नेत म्हनलं ना बाई! कुठंच नाई नेत पोरीले!"